शेडमध्ये चालते, मेळाव्यात बंद पडते: जुन्या कॅटरपिलरच्या पोनी मोटरचा दरवर्षीचा त्रास

लक्षण असं असतं. नीट दुरुस्त करून रंगवलेला जुना डिझेल क्रॉलर, म्हणजे पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर, शेडमध्ये सहज चालू होतो. ट्रेलरवर चढवून त्याला लाकूडतोडीच्या वारसा मेळाव्याला नेतात, दोरीपलीकडे माणसं जमतात, आणि पोनी मोटर, म्हणजे डिझेल चालू करणारं छोटं पेट्रोल इंजिन, चार-पाच मिनिटं छान चालून गप्प होते. थोडं थांबलं की पुन्हा चालू होते आणि पुन्हा बंद पडते. दिवस कसाबसा निभावतो, ट्रॅक्टर घरी येतो, शेडमध्ये परत शहाण्यासारखा चालतो. मग कोणी हात लावत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच प्रसंग.

ओरेगॉन, वॉशिंग्टन आणि उत्तर कॅलिफोर्नियात अशी यंत्रं मनापासून जपणारी माणसं पुष्कळ आहेत. ब्रुक्सचं जुन्या यंत्रांचं संकुल, चिलोक्विनजवळच्या कोलियर स्टेट पार्कमधलं लाकूडतोड संग्रहालय, कॅलिफोर्नियातलं विलिट्स, या ठिकाणी गेलात तर जंगलात राबलेली अवजड यंत्रं जवळून बघता येतात. या भागात स्थायिक झालेले काही मराठी मित्रही आता स्वयंसेवक म्हणून अशा यंत्रांवर हात काळे करतात, आणि त्यांच्याकडून हाच प्रश्न वारंवार येतो. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो. उदाहरणासाठी कॅटरपिलरचा डी२ धरलाय, कारण हा लहान ट्रॅक्टर १९३८ ते १९५७ इतकी वर्षं बनत होता आणि हौशी लोकांकडे तोच जास्त सापडतो. डी४ आणि त्यावरच्या मोठ्या भावंडांनाही यातलं बहुतेक लागू पडतं.

पोनी कशासाठी असते

कॅटरपिलरने डिझेल सिक्स्टी हा ट्रॅक्टर आणला तो १९३१ साली. डिझेल पेटायला सिलिंडरमधली हवा दाबून तापवावी लागते. थंडगार लोखंडी इंजिनात तेवढी ऊब यायची तर ते बराच वेळ नेटाने फिरवत राहावं लागतं. डोंगरातल्या थंड कॅम्पवर त्या काळच्या बॅटरीच्या जिवावर हे होणं कठीण. म्हणून डिझेलच्या अंगावरच दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन बसवलं. तीच पोनी मोटर.

ती नुसती स्टार्टर नाही. तिच्या धुराचा पाइप डिझेलच्या हवा घेणाऱ्या मॅनिफोल्डमधून नेलेला असतो, त्यामुळे डिझेलला गरम हवा मिळते. दोन्ही इंजिनांचं पाणीही एकच. आधी डीकॉम्प्रेशनचा दांडा ओढून डिझेलचे व्हॉल्व्ह उघडे धरायचे, पोनीची पिनियन (छोटं दातेरी चाक) डिझेलच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत घालायची, पोनीचा क्लच जोडायचा आणि डिझेलला मोकळं फिरू द्यायचं. ऑइलचं प्रेशर दिसलं की कॉम्प्रेशन द्यायचं, तसंच फिरवत इंजिन तापवायचं आणि शेवटी इंधन सोडायचं. विहिरीवरचं किर्लोस्कर इंजिन ज्यांनी हँडल मारून चालू केलंय त्यांना डीकॉम्प्रेशनचा खटका सांगायला नको. तोच प्रकार, फक्त हँडल मारणाऱ्या माणसाच्या जागी दुसरं इंजिन.

म्हणजे डिझेल तापेपर्यंत पोनीने काही मिनिटं न थांबता चालायला हवं. आपला बिघाड नेमका त्याच मिनिटांत येतो.

पाना उचलण्याआधी घड्याळ बघा

पोनी बंद पडली की बहुतेक जण थेट कार्बोरेटर उघडतात. कृपा करून तसं करू नका. गर्दीत, उन्हात, भुशाने भरलेल्या जमिनीवर उघडलेला कार्बोरेटर जेट हरवण्यासाठीच असतो, आणि दोष बहुधा तिथे नसतो.

त्याआधी एक प्रश्न विचारा: त्रास सकाळी होतो की दुपारी?

सकाळी पोहोचल्या-पोहोचल्या त्रास आणि दुपारनंतर ठीक, असं असेल तर पेट्रोलच्या वाटेत शोधा. सकाळी ठणठणीत आणि दुपारी मरगळलेली, असं असेल तर करंटच्या वाटेत, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोकडे. ही खूण शंभर टक्के खरी ठरेल असा दावा नाही, पण तिच्यामागे कारणं आहेत, आणि ती समजली की निम्मं काम झालं.

सकाळचा त्रास

पहिला संशय टाकीच्या झाकणावर घ्या. झाकणात हवा आत यायला सुईएवढं भोक असतं. दुरुस्तीच्या वेळी झाकण वाळूच्या माऱ्याने साफ होतं, त्यावर प्रायमर बसतो, मग पिवळ्या रंगाचे दोन हात. (कॅटरपिलरचा हा प्रसिद्ध पिवळा १९३१ च्या डिसेंबरपासूनचा, त्याआधीची यंत्रं राखाडी असत. जुना राखाडी रंग जपणाऱ्यांबद्दल मला विशेष आदर आहे.) रंग कोणताही असो, भोक बुजतं. पेट्रोल खाली जातं, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. पोनीला पंप नाही, पेट्रोल केवळ वजनाने खाली येतं, त्यामुळे एवढीशी ओढसुद्धा पुरते. दहा-पंधरा मिनिटांत झाकणाच्या वॉशरमधून हवा झिरपते आणि पोनी पुन्हा चालू होते. बघणाऱ्याला वाटतं, गरम झाली होती, गार झाली.

मग शेडमध्ये का चालते? कारण शेडमध्ये टाकी अर्धी असते आणि मेळाव्याला निघताना आपण ती गळ्यापर्यंत भरतो. भरलेल्या टाकीत वर हवेची जागा जेमतेम उरते, त्यामुळे थोडं पेट्रोल गेलं तरी ओढ लगेच वाढते. अर्ध्या टाकीत तेवढंच पेट्रोल गेलं तर काही जाणवत नाही. दुपारपर्यंत टाकी उतरते आणि त्रास आपोआप मिटतो. शिवाय शेडमध्ये झाकण आपण कितीदा नुसतं वर ठेवलेलं असतं!

तपासणी सोपी आहे. पोनी दम टाकायला लागली की झाकण अर्धा फेरा सैल करा. पूर्ण काढू नका. बाजूला तापलेलं धुराचं नळकांडं असतं आणि पेट्रोलची वाफ नको तिथे जाते. सैल केल्यावर पोनी सावरली तर दोष सापडला. बारीक तारेने भोक मोकळं करा. ड्रिल घालून मोठं करू नका, नाहीतर ट्रेलरवर हिंदकळून पेट्रोल बॉनेटवर सांडेल.

दुसरा संशय गाळाचा. सत्तर-ऐंशी वर्षांच्या टाकीच्या तळाशी गंज असतोच. शेडमध्ये तो निवांत पडलेला असतो. ट्रेलरवर दोन-तीन तास हादरे बसले की सगळा ढवळून निघतो, आणि उतरवल्या क्षणी आपण पोनी चालू करतो. गाळ जाळीवर आणि काचेच्या वाटीत येऊन बसतो. दुपारपर्यंत तो पुन्हा तळाशी जातो आणि ट्रॅक्टर सुधारल्यासारखा वाटतो. झाकणाचा दोष ठरावीक वेळाने, जवळजवळ तालात येतो. गाळाचा दोष बेभरवशाचा, कधी दोन मिनिटांत, कधी वीस.

यात टाकीला आतून दिलेलं अस्तरही धरा. गंज थांबवायला आतून रासायनिक लेप देतात. नीट धुऊन-वाळवून दिलेला नसेल तर तो पापुद्र्यासारखा सुटतो, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने हे लवकर होतं. भारतात ई२० पेट्रोलवरून जुन्या गाड्यांच्या मालकांना जी काळजी लागली आहे, तीच इथे ई१० मुळे या यंत्रांच्या बाबतीत आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगवतं. शक्य असेल तिथे बिनइथेनॉलचं पेट्रोलच भरा आणि हिवाळ्यापूर्वी टाकी रिकामी करा. पोनीला लागतं किती, दोन-चार लिटर. तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

तिसरा संशय आपल्याच चांगुलपणाचा. गाळ येतो म्हणून कोणीतरी मध्ये आधुनिक कागदी फिल्टर बसवतो. यातले बरेचसे फिल्टर पंपाच्या दाबासाठी बनवलेले असतात. केवळ वजनाने उतरणारं पेट्रोल त्यातून पुरेसं जात नाही. रिकाम्या चालीवर पोनी ठीक चालते, डिझेल फिरवायला लागली की उपाशी मरते. फिल्टर काढा, मूळ जाळी आणि काचेची वाटी वापरा, ती वारंवार साफ करा.

या तिन्ही संशयांची एकच चाचणी: इंजिन पूर्ण गार असताना, अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवून, कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू काढा आणि पेट्रोल डब्यात सोडा. झाकण घट्ट, टाकी भरलेली, म्हणजे मेळाव्यात असते तशीच. पहिल्या मिनिटाची धार बघून समाधान मानू नका, चार-पाच मिनिटं धरा. धार सुरुवातीला जाड आणि मग बारीक होत गेली तर झाकण किंवा गाळ. पहिल्यापासूनच बारीक असेल तर फिल्टर, कॉक किंवा चेपलेली नळी.

दुपारचा त्रास

सकाळी पोनी चालते, डिझेल धरतं, सगळे खूश. पण मेळाव्यात दर तासाला प्रात्यक्षिक असतं. चालू करा, एक ओंडका ओढा, बंद करा. दोन वाजेपर्यंत पोनीचा करंट जातो.

हे यंत्र अशा वापरासाठी बनलेलंच नव्हतं. जंगलात ट्रॅक्टर सकाळी एकदा चालू व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत राबायचा. पोनीच्या वाट्याला दिवसाची मोजकी मिनिटं यायची. मेळाव्यात तीच पोनी तापलेल्या डिझेलला चिकटून पुन्हा पुन्हा चालते, आणि बंद झाल्यावर तिच्या मॅग्नेटोभोवती इंजिनाची धग साचत राहते. मॅग्नेटोतला जुना कंडेन्सर गार असताना बरा असतो. तापला की आतून गळायला लागतो आणि ठिणगी पिवळी, अशक्त होते. जुन्या कॉइलचंही तेच, तापल्यावर आतली बारीक तार संपर्क सोडते.

म्हणून ठिणगी बंद पडल्या क्षणी तपासा, गार झाल्यावर नाही. प्लग काढून त्याचं अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब धरा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. स्पार्क टेस्टर असेल तर फारच उत्तम. गरम असताना ठिणगी नाही आणि गार झाल्यावर आहे, असं दिसलं तर मॅग्नेटो बाहेर काढून बाकावर घ्या, हलकी गरम हवा द्या आणि फिरवून बघा. दोष घरच्या टेबलावर हजर होतो. कंडेन्सर बदलताना "जुना पण न वापरलेला" असा सीलबंद डबा मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. त्याचंही वय तेवढंच झालेलं असतं. योग्य मापाचा नव्याने बनलेला घ्या.

पण कंडेन्सरला दोष देण्याआधी दोन स्वस्त गोष्टी बघा. एक, मॅग्नेटो बंद करणारी वायर. ती लोखंडाला टेकली की करंट मारला जातो. तिचं आवरण जुनं असेल, किंवा दुरुस्तीत कुठे कडेला घासत बसवली असेल, तर थरथरीत अधूनमधून टेकते. ती सोडवून पोनी चालवून बघा. बंद करायची वेळ आली की पेट्रोलचा कॉक फिरवायचा. दुसरी, मॅग्नेटो जिथे इंजिनाला बसतो ती जागा. मॅग्नेटोचं अर्थिंग तिथूनच होतं. त्या दोन पृष्ठांच्या मध्ये रंगाचा जाड थर असेल तर अर्थिंग अर्धवट मिळतं. तिथलं लोखंड उघडं आणि स्वच्छ हवं. रंगकाम सुबक करण्याच्या नादात या जागा हमखास रंगतात.

हँडलने किंवा दोरीने चालू करत असाल तर मॅग्नेटोचा इम्पल्स खटका (हळू फिरवतानाही ठिणगी योग्य वेळी पाडणारा भाग) कानाने ऐका. हळू फिरवताना टक्क असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. वाळलेल्या ग्रीसने तो अडकला तर ठिणगी वेळेवर पडत नाही आणि हँडल उलटं फटका मारतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला, नेहमी. मनगट मोडलेली माणसं या छंदात आहेत आणि त्यात अनुभवीही आहेत.

चालते, पण डिझेल फिरवत नाही

हा वेगळा रोग आहे आणि वरच्यांशी त्याची गल्लत होते. पोनी मोकळी छान चालते, क्लच जोडला की मान टाकते. अशा वेळी आधी बघा की ती दोन्ही सिलिंडरवर चालते आहे का. एका सिलिंडरवर ती रिकामी सहज चालेल, पण डिझेल फिरवायला तिला दोन्ही लागतात. काजळलेला प्लग किंवा शिळ्या पेट्रोलच्या चिकट्याने अडकलेला व्हॉल्व्ह, ही नेहमीची कारणं. मग डीकॉम्प्रेशनचा दांडा पूर्ण जागेवर गेलाय का, ट्रॅक्टरचा मुख्य क्लच सुटलेला आहे ना, आणि पोनीचा गव्हर्नर (वेग राखणारा भाग) लोड आल्यावर थ्रॉटल उघडतोय का ते बघा. दांड्यांच्या सांध्यांत रंग बसला असेल तर गव्हर्नर जागचा हलत नाही. बघा, पुन्हा रंगच.

पोनीच्या ऑइलमध्ये पेट्रोल

ही गोष्ट मेळाव्याच्या दिवसापुरती नाही, इंजिन वाचवण्याची आहे. पोनीचं ऑइल वेगळं असतं, ते मोजायची काडीही वेगळी. पेट्रोलचा कॉक उघडा ठेवून ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवला तर वाटभर कार्बोरेटरचा फ्लोट नाचत राहतो, सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, पातळी वाढते, आणि बेअरिंगला जे मिळतं ते ऑइल राहत नाही. आत पेट्रोलची वाफ साचते ती धोक्याची वेगळीच.

म्हणून पोनी नेहमी कॉक बंद करूनच थांबवावी, म्हणजे कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. ट्रेलरवरून उतरवल्यावर चालू करण्याआधी काडी काढून हुंगावी. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वर गेलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय चालवू नये, मग प्रात्यक्षिकाची वेळ झाली तरी. प्रेक्षक समजून घेतात. पोनीचे सुटे भाग मात्र दरवर्षी दुर्मीळ होत चाललेत.

मेळाव्याची रीत बदला

वरचे सगळे दोष काढले तरी दर तासाला चालू-बंद करण्याचा ताण उरतोच. माझं स्पष्ट मत आहे की डिझेल सकाळी एकदा चालू करावं आणि दिवसभर कामाला लावावं. नुसतं मंद चालीवर उभं ठेवायचं नाही. तसं केलं की इंजिन थंड राहतं, जळालेलं नसलेलं इंधन आणि ऑइल धुराड्यातून काळ्या थेंबांनी बाहेर येतं, आणि नव्या रंगावर ओघळ येतात. त्याला ओंडके ओढू द्या. पोर्टलँडच्या हायस्टर कंपनीची विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) मागे असेल आणि कमानीची गाडी जोडायला मिळाली तर याहून चांगलं प्रदर्शन दुसरं नाही. ओंडक्याचं पुढचं टोक कमानीने उचलायचं आणि मागचं जमिनीवरून घसटत न्यायचं, या पद्धतीने क्रॉलरनी जंगलात दोराने ओंडके ओढणाऱ्या वाफेच्या डाँकी इंजिनांचं काम हळूहळू आपल्याकडे घेतलं. लोकांना हे बघायला मिळावं म्हणूनच तर एवढा खटाटोप.

पोनीचं प्रात्यक्षिक सकाळी एकदाच, वेळ जाहीर करून ठेवा. गर्दी त्या वेळेला येते. उन्हाळ्यात इकडे वणव्याचा मोसम असतो, तेव्हा धुराड्यातून ठिणग्या उडतात का हे संध्याकाळच्या अंधारात घरीच बघून घ्या. मेळाव्यात भुसा आणि सालपटं पायाखाली असतात. अग्निशामक सिलिंडर ट्रॅक्टरवर आणि पाण्याची बादली शेजारी असलीच पाहिजे.

स्टीअरिंगचे क्लच हिवाळ्यात चिकटतात, ही दुसरी नेहमीची तक्रार. या भागातल्या ओल्या हिवाळ्यात कोरड्या क्लचच्या पत्र्या गंजाने एकमेकींना धरतात, आणि ट्रेलरवर चढवताना ट्रॅक्टर एका बाजूला वळतच नाही. तिथे अपघात होतो. ट्रॅक्टर ठेवून देताना दोन्ही दांडे मागे ओढून बांधून ठेवा, म्हणजे पत्र्या सुट्या राहतात.

आणि निघण्याच्या आदल्या शनिवारी एक रंगीत तालीम घ्या, पण मेळाव्यासारखीच: टाकी गळ्यापर्यंत भरलेली, झाकण घट्ट, ट्रॅक्टर उन्हात. तळाचा गाळ ढवळला जावा म्हणून आधी अंगणात दोन-चार फेऱ्या मारा. मग डिझेल बंद करून पोनी चालू करा, तिला डिझेल फिरवायला लावा, डिझेल धरलं की बंद करा आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून. असं तीन-चार वेळा. किती वाजता, टाकी किती भरलेली असताना आणि कितव्या मिनिटाला बंद पडली, ते बॉनेटखाली चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा. मदत मागाल तेव्हा हा कागद आणि ट्रॅक्टरच्या नंबराची पहिली अक्षरं, उदाहरणार्थ डी२ साठी ५यू, एवढं सांगितलं तरी समोरच्याला नेमकं कुठे हात घालायचा ते कळतं.